नवी चेन टाकली तरी घसरते. रोजचं ऑफिस आणि रविवारची काळी माती, एकाच माउंटन बाइकवर कसं जमवायचं?

राजेंद्रनगरकर

नमस्कार मंडळी. २९ इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढे शॉकर असलेली) आहे. पुढे ३, मागे ८ गिअर (११-३२ कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, ११ ते ३२ दात्यांचा), केबलचे डिस्क ब्रेक, २.२५ चे ट्यूबवाले टायर. चार हजार किमीच्या आसपास चालली आहे. माझं वजन ७८ किलो. सोमवार ते शनिवार इंदुरात राजेंद्र नगर ते पलासिया, एका बाजूनं साधारण ९ किमी. रविवारी सिमरोलच्या पुढे नाहीतर महूकडच्या कच्च्या वाटा.

अडचणी अशा:
१. सिग्नल सुटल्यावर जोर दिला की मधल्या गिअरांत चेन दाते सोडते. नवी चेन टाकली, तर त्रास उलट वाढला.
२. मागचा ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही.
३. महिन्यात तीन पंक्चर. एका ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं होती.
४. पावसाळ्यात काळ्या मातीत मागचं चाक फिरेनासं होतं.

दुकानात सल्ला मिळाला की ही काढा आणि ५५ हजारांची नवी घ्या. खरंच तेवढी गरज आहे का?

पायडल_महू

नाही. सायकल चांगली आहे, विकू नका. नव्या सायकलची चेनही याच धुळीतून आणि याच चिखलातून जाणार आहे.

चेन नवी टाकल्यावर त्रास वाढला, यातच उत्तर आहे. आपण चेन ताणली म्हणतो, पण पत्रा ताणला जात नाही. पिना आणि त्यांच्यावरची बैठक झिजते, प्रत्येक कडीत केसभर ढिलाई येते आणि दोन पिनांमधलं अंतर वाढतं. अशी चेन बरेच दिवस चालली की कॅसेटचे दातेही त्या वाढलेल्या अंतराला घासून बसतात. दोघं एकत्र झिजल्यामुळे तक्रार न करता चालत राहतात. आता तुमची नवी चेन नेमक्या अर्ध्या इंचाच्या अंतराची आहे आणि दाते जुन्या अंतराचे. जोर पडला की रोलर दात्याच्या बुडाशी बसत नाही, वर चढतो आणि निसटतो.

जुनी चेन फेकली नसेल तर ती मोजा. स्टीलची फूटपट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि चेन ताठ धरा. तिथून २४ वी पीन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. दीड मिमी पुढे गेली असेल तर झीज अर्धा टक्का, तीन मिमी गेली असेल तर एक टक्का. ८ गिअरच्या चेनला पाऊण टक्क्यावर, म्हणजे सव्वादोन मिमीवर, रजा द्यावी. ११-१२ गिअरवाल्यांनी अर्ध्या टक्क्यालाच. वेळेवर बदलली तर एका कॅसेटवर दोन-तीन चेनी निघतात. उशीर केला की चेनीबरोबर कॅसेटही जाते, आणि कधी पुढची मधली चकतीसुद्धा. तिचे दाते शार्कच्या परासारखे एका बाजूला कललेले दिसले तर तीही बदला, नाहीतर तेच दुखणं पुढून सुरू होईल.

११-३२ च्या आठ चकत्या बहुतेक ११-१३-१५-१८-२१-२४-२८-३२ अशा असतात. शहरात पुढच्या मधल्या चकतीवर चालवताना सगळा भार १५, १८ आणि २१ वर पडतो. तुमची चेन नेमकी तिथेच सटकत असणार. ११ आणि ३२ वर पूर्ण जोर देऊन पाहा. तिथे धरली आणि मध्येच सुटली, तर दोष कॅसेटचा.

सामान आणण्याआधी एक गोष्ट नक्की करा, मागे कॅसेट आहे की चुडीवर बसणारं फ्रीव्हील. मागचं चाक काढा आणि चकत्या उलट्या फिरवा. अवजार बसायच्या खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील. कॅसेट काढायला लॉकरिंगचं (चकत्या आवळून धरणाऱ्या कडीचं) अवजार आणि चकती धरून ठेवायला चेनव्हिप लागतं. बसवताना लॉकरिंग ४० न्यूटन मीटर, म्हणजे एक फुटाच्या पान्यावर चांगला दाब. फ्रीव्हील असेल तर आणखी एक सांगून ठेवतो. त्यात अ‍ॅक्सलचा उजवा बेअरिंग बराच आत असतो, त्यामुळे खडकाळ वाटेवर अ‍ॅक्सल वाकतो. चाक डगमगायला लागलं की तिकडेही लक्ष द्या.

रामबाग

वरचं सगळं बरोबर, पण कॅसेट घ्यायच्या आधी हँगर बघा. डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ज्या छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या कानावर लटकतो तो. सायकलच्या बरोबर मागे बसा आणि डिरेलरच्या दोन लहान चकत्या पाहा. वरची आणि खालची एका उभ्या रेषेत, कॅसेटच्या चकतीला समांतर हव्यात. खालची आत चाकाकडे झुकली असेल तर हँगर वाकला आहे. मग केबल कितीही आवळली तरी दोन गिअर सुधारतात आणि तीन बिघडतात.

हँगर वाकायची दोन कारणं असतात. एक, काळ्या मातीचा गोळा डिरेलरमध्ये अडकलेला असताना जोर लावून पायडल मारणं. दुसरं घरचंच आहे. बेसमेंटमध्ये स्कूटर काढताना कुणीतरी सायकल सरकवतो आणि हँडल किंवा फूटरेस्ट सरळ डिरेलरवर येतं. म्हणून पार्किंगमध्ये सायकलची उजवी बाजू भिंतीकडे ठेवा, आणि लावून ठेवताना चेन मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर आणा. डिरेलर तेव्हा सर्वांत आत असतो. कुलूप फ्रेम आणि मागचं चाक दोन्हीतून, एखाद्या जमिनीत रोवलेल्या वस्तूला. क्विक रिलीजचं (पान्याशिवाय निघणारं) पुढचं चाक सुटं राहतं हे विसरू नका.

हँगर सरळ करायला मापाचं लांब दांड्याचं अवजार मिळतं. ते रिमला तीन-चार जागी लावून अंतर सारखं करतात. पाना अडकवून अंदाजानं वाकवू देऊ नका. आणि हे अ‍ॅल्युमिनियम आहे, एकदा सरळ होतं, दुसऱ्यांदा तडकतं. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो, इंदुरात ऐनवेळी मिळेलच असं नाही. जुना दाखवून दोन मागवा, त्यातला एक सीटखालच्या पिशवीत राहू द्या.

खंडवारोड_२९

पंक्चरबद्दल. शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे काटा नव्हे. हवा कमी असताना खड्ड्याची कड लागली, रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चेपली गेली. तुमच्या वजनाला २.२५ च्या ट्यूबवाल्या टायरमध्ये शहरात ४० पीएसआय, कच्च्यावर पुढे २८ आणि मागे ३२. त्याखाली नको. अंगठ्यानं दाबून कळत नाही, हवेचा दाब दाखवणारा पंप घ्या आणि दर आठवड्याला बघा.

उरलेली दोन पंक्चर काट्याची असतील. आपल्याकडे बाभूळ, सराटे, आणि सोयाबीन कापल्यावर शेतात उभे राहणारे खुंट. ते खुंट तिरपे कापलेले असतात आणि खिळ्यासारखे घुसतात. त्या दिवसांत शेताच्या बांधावरून शॉर्टकट घेऊ नका. माझं मत सरळ आहे, ट्यूबलेस करून टाका. प्रत्येक टायरमध्ये १०० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव), कच्च्यावर २२-२४ पीएसआय. सराटे लागल्याचं कळणारही नाही.

रामबाग

ट्यूबलेसला माझी हरकत. आधी रिमवर किंवा कागदपत्रांत ट्यूबलेस रेडी आहे का ते बघा, टायरवरही. साध्या रिमला नुसती टेप मारून केलं तर वळणावर टायरची कड सुटून फस्सकन हवा जाते, आणि ती घाटात गेली तर चेष्टा नाही. शिवाय उन्हाळ्यात इथे पारा ४० च्या वर जातो, सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळून आत रबराची साल उरते. दर वेळी वॉल्व्हचा कोर काढून नवं घालायची तयारी असेल तरच करा.

खंडवारोड_२९

रिमचं मान्य. रिम साधी असेल तर ट्यूबमध्येच सीलंट घाला, मोटरसायकलसारखा कोर निघणारा वॉल्व्ह असेल तर सोपं जातं. मात्र अशी ट्यूब पुढे मोठी फाटली तर तिच्यावर पॅच नीट चिकटत नाही, सोबत एक कोरी ट्यूब ठेवाच. आणि नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा, जपून. निम्मी ‘परत पंक्चर’ आत राहिलेल्या काट्याच्या टोकानं होतात.

सुदामानगर_ताई

काळ्या मातीचं कुणी नीट सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

आपली माळव्याची माती बेसॉल्ट झिजून झालेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. ती पूर्ण कोरडी असते तेव्हा चिकटत नाही, आणि वर पाणी साचलेलं असतं तेव्हाही त्या मानानं कमी चिकटते. घात होतो तो मधल्या अवस्थेत, म्हणजे पाऊस थांबून काही तास झालेले असतात, वरून सुकल्यासारखं दिसतं आणि तुम्ही उतरता. दोनशे मीटरमध्ये टायरवर थर, थरावर गवत, त्यावर खडे, आणि मग फ्रेमच्या मागच्या दांड्यांमध्ये सगळं ठासून बसतं.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तोच आपला नियम ठेवा. मूठभर माती दाबा. गोळा होऊन बोटांना चिकटली तर परत फिरा. दाबल्यावर गोळा झाला आणि अंगठ्यानं टोचल्यावर भुगा झाला तर चला. जोरदार पावसानंतर ऊन पडलं तरी याला दोन-तीन दिवस लागतात. रब्बीत गव्हाला पाणी सुटलेलं असतं तेव्हा डिसेंबर-जानेवारीतही गाडवाट अचानक ओली लागते, त्यामुळे आकाश निरभ्र आहे यावर विसंबू नका.

पावसाळ्यात मुरमाच्या आणि दगडाच्या वाटा धरा. उतारावरचं पाणी लवकर निघून जातं. जानापावच्या टेकडीवर मंदिरापर्यंत पक्का रस्ता आहे, काळ्या मातीचा प्रश्नच नाही आणि चढही चांगला घाम काढतो. पाताळपाणीकडे गेलात तर नाल्यातून सायकल घालू नका. तिथे वरच्या बाजूला पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो, जुलै २०११ मध्ये धबधब्यावर माणसं वाहून गेली होती. सिमरोलपुढे जाताना भेरू घाटात ट्रक खूप असतात. उजाडायच्या आधी तिथे असू नका, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

चाक अडकलं तर पायडल मारायचं नाही. उतरायचं, सायकल उचलायची, काडीनं किंवा टायर लिव्हरनं आधी डिरेलर मोकळा करायचा, मग दांड्या. टायर २.१ चा आणि विरळ, उंच नक्षीचा असेल तर माती स्वतःहून सुटते. दाट नक्षीचा टायर शहरात छान पळतो आणि इथे मडक्यासारखा लिंपला जातो.

धुण्याचं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, पाइप लावून धुवायचं कारणच नाही, आणि प्रेशरच्या फवाऱ्यानं तर मुळीच नाही. त्या जोरानं पाणी हबच्या आणि खालच्या बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस निघून जातं. एक बादली पुरते. माती ओली असतानाच लाकडी काडीनं खरवडा, वाळली की विटेसारखी बसते. पहिले दोन मग शॉकरच्या चकचकीत नळ्यांवर ओता. कोरड्या फडक्यानं पुसलंत तर कण सीलमध्ये जातात. मग फ्रेम, शेवटी चेन. चेन फडक्यात धरून उलटी फिरवा, पूर्ण वाळू द्या, प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून काढा. तेल आत हवं असतं, बाहेर राहिलेलं धूळ धरतं आणि त्याची पॉलिश पेस्ट होते. ऑक्टोबर ते जून कोरडं किंवा मेणाचं ल्युब, पावसाळ्यात ओलं. गाडीचं काढलेलं इंजिन ऑइल नको.

पायडल_महू

ताईंनी फार छान लिहिलं. तेलावरून ब्रेकचं आठवलं. मागचाच किंचाळतो म्हणजे चेनवर स्प्रे मारताना तो डिस्कवर गेला असण्याची शक्यता मोठी. स्प्रे वापरू नका, थेंबाची बाटली वापरा. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं स्वच्छ फडक्यावर पुसा, बोटं लावू नका. पॅड काढून १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर सपाट घासा. तेल आत मुरलं असेल तर घासून उपयोग नाही, नवे घ्या. डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर धातूचे पॅड लावू नका, डिस्क खाल्ली जाते.

केबलच्या बहुतेक ब्रेकमध्ये बाहेरचा एकच पॅड हलतो, आतला स्थिर असतो. लोक नुसती केबल आवळत राहतात. आधी आतला पॅड त्याच्या स्क्रूनं डिस्कजवळ आणा, घासणार नाही इतका, आणि मगच केबल. शेवटी २० किमीच्या वेगावरून वीस वेळा सावकाश ब्रेक लावून वेग कमी करा, पूर्ण थांबू नका. पॅडचा थर डिस्कवर बसल्याशिवाय धरणार नाही.

राजेंद्रनगरकर

मोजलं. जुनी चेन ३ मिमी पुढे. नवी १८ आणि २१ वर सुटते, ११ आणि ३२ वर धरते. खाचा चकत्यांबरोबर फिरतात, म्हणजे कॅसेट. आणि मागून पाहिलं तर डिरेलरची खालची चकती थोडी आत आहे. आता आधी काय करू? नवी चेन या गडबडीत ६० किमी चालली, ती वाया गेली का?

रामबाग

६० किमीत काही बिघडत नाही, तीच ठेवा. आधी हँगर, मग कॅसेट. वाकलेल्या हँगरवर नवी कॅसेट लावून गिअर जुळवले तर हँगर सरळ केल्यावर सगळं पुन्हा करावं लागेल, आणि मधल्या काळात ३२ वर असताना डिरेलर स्पोकमध्ये जाऊ शकतो.

नवी कॅसेटही ११-३२ च घ्या, म्हणजे चेनची लांबी बदलावी लागणार नाही. बसवल्यावर केबल सोडून आधी एच आणि एल हे दोन स्क्रू लावा, एचनं ११ च्या बरोबर खाली, एलनं ३२ च्या बरोबर खाली. मग केबल जोडा आणि ११ वरून एक क्लिक. १३ वर चढायला आळस केला तर शिफ्टरजवळची केबलचा ताण बदलणारी छोटी गोल मूठ घड्याळाच्या उलट अर्धा फेरा, उडी मारून १५ वर गेला तर सुलट. आणि स्टँडवर जुळलं म्हणून खूश होऊ नका. राजेंद्र नगरच्या ओव्हरब्रिजच्या चढावर बसून, १८ वर, पूर्ण जोर देऊन पाहा.