माथेरानची गाडी: पीरभॉयांचं दान की धंदा?

घाटवाट: 1850 साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानवर चढला, हे सगळे सांगतात. पण डोंगराला माणसांचा ओघ लागला, गाव विकसित झालं, ते सर आदमजी पीरभॉय या धनिकामुळे. लष्कराला तंबू आणि बूट पुरवून, गिरणी चालवून कमावलेले 16 लाख रुपये नेरळ-माथेरान रेल्वेलाइनीत गेले. 1904 ला काम सुरू, 1907 ला गाडी. पावसाळ्यात बंद ठेवावी लागणारी लाइन कुणी नफ्यासाठी काढतं का? मी तरी याला दानच म्हणेन.

रूळखडी: तिकीट लावून दान? आदमजींचं मुंबईतलं चर्नी रोडचं सॅनिटोरियम, म्हणजे आजाऱ्यांचं विश्रांतिगृह, हे दान, तिथून पैसा परत यायचा नव्हता. शिवाय ‘आदमजींनी बांधली’ हे अर्धंच खरं. पैसा बापाचा, लाइन उभी केली मुलाने, अब्दुल हुसेनने. त्याचं नाव कुणी घेत नाही.

दोनफुटी: मुलाचं श्रेय मान्य. गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, 2 फूट, चढ 1:20 पर्यंत (20 फुटांत 1 फूट), आणि पकड घ्यायला मध्ये दातेरी पट्टी नाही. इतक्या आवळ वळणात सहाचाकी इंजिनाची चाकं रुळाला घासून वर चढतात. म्हणून ऑरेनस्टाइन-कोपेल या जर्मन कंपनीच्या इंजिनांत पहिली आणि शेवटची चाकजोडी पोकळ आसावर बसवली. आतला भरीव आस स्वतःभोवती फिरतो पण दिशा बदलत नाही, बाहेरचा पोकळ आस चाकांसकट वळणाबरोबर वळतो. हौसेने पैसे उधळणारा माणूस इतक्या खोलात जात नाही.

ब्रेकवाला: चढण्यापेक्षा उतरणं अवघड. डब्याडब्यावर हातब्रेकवाला असायचा, आणि शिट्टीच्या इशाऱ्यावर सगळ्यांनी एकदम आवळायचं. एकाला उशीर झाला की मागचा भार पुढच्या डब्यावर यायचा. 2016 ला डबे घसरले, गाडी बंद पडली, तेव्हा कुठे एअर ब्रेकचं, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं, मनावर घेतलं.

दस्तुरीनाका: इंजिनाचं कौतुक पुरे. गाडी पर्यटक आणते. सिलिंडर, भाजी, सिमेंट आजही मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून घोड्यावर नाहीतर हातगाडीवर. माणूस ओढणाऱ्या हातरिक्षा बंद करा, हे सुप्रीम कोर्टाला 2025 मध्ये सांगावं लागलं. धनिकाने ‘विकसित’ केलेलं गाव म्हणे!

घाटवाट: 1907 च्या माणसाकडून 2025 चा हिशेब कसला मागता? धंदा होता, चला, मान्य. पण तोट्याची भीती डोळ्यांसमोर असताना केलेला.

रूळखडी: मग ‘धाडस’ म्हणा, दान नको. आणि 2005 च्या पावसात रुळाखालची खडी वाहून गेली, ती लाइन 2007 ला पुन्हा सुरू झाली सरकारी पैशावर. त्या खर्चाचं श्रेयही पीरभॉयांच्याच खात्यात टाकणार का?