मदत हवी आहे: बर्फाच्या पिंपात किती वेळ बसायचं? धडधड परत येतेय

गच्चीकर
जरा लवकर सांगा कोणीतरी. तीन आठवडे झाले, रोज पहाटे गच्चीवर निळ्या पिंपात बर्फ टाकून गळ्यापर्यंत बसतो. बाहेर आलो की दोन-अडीच तास इतकं हलकं वाटतं की काय सांगू. डोक्यातला गोंगाट थांबतो, हात थरथरत नाहीत. पण अकरा वाजले की पुन्हा तेच, आणि या आठवड्यात तर जास्तच. काल दुकानात बिल करता करता धडधड सुरू झाली, शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो.
प्रश्न एवढाच: वेळ वाढवू की बर्फ? सध्या चार मिनिटं बसतो. दिवसातून दोनदा केलं तर चालेल का? 'डॉक्टरकडे जा' असे प्रतिसाद नकोत, ते करून झालंय.

शेवंती
वय किती? बीपी, दमा, थायरॉइड काही? पाणी किती थंड असतं, मोजलंय का? आणि "ते करून झालंय" म्हणजे नक्की काय झालं?

आबा वाईकर
बर्फाचं खूळ सोडा. वाहत्या पाण्याला तोड नाही. आमची आजी माघ महिनाभर पहाटे कृष्णेवर जायची, घाटावर धुकं असायचं, आणि ही ओल्या लुगड्यानिशी स्तोत्र म्हणत घरी यायची. शेवटपर्यंत मन खंबीर. तुम्ही नाशिकचे दिसता (गच्ची, थंडी यावरून अंदाज). गोदावरी सोडून पिंपात कशाला बसता?

हिशेबनीस
वेळेचं मला कळत नाही, बर्फाचं गणित सांगतो. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. पिंपात पाणी किती लिटर, बर्फ किती किलो?

गच्चीकर
हो, नाशिक. वय ३८. बीपी नाही. पिंप २०० लिटरचा, पाणी अंदाजे ११०, नाहीतर मी बसल्यावर सांडतं. बर्फ १८ किलो, कारखान्यातून आणतो. थर्मामीटर नाही. पाण्याला निळसर झाक येते, पिंपाचा रंग सुटतोय का?

हिशेबनीस
टाकीचं पाणी २४ अंश धरलं तर बर्फ पूर्ण वितळल्यावर साधारण साडेनऊ अंश. पाणी ताजं भरता ना?

शेवंती
निळी झाक पिंपाची नसावी. २०१८ पासून महाराष्ट्रात खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे, तो खाद्यबर्फात मिसळू नये म्हणून. तोंडात जाऊ देऊ नका, एवढंच. पण पिंप आधी कशाचा होता? भंगारवाल्याकडचे निळे पिंप बऱ्याचदा केमिकलचे असतात, धुऊनही वास जात नाही.

गच्चीकर
पिंप मेव्हण्याच्या लोणच्याच्या कारखान्यातला आहे, व्हिनेगरचा. पाणी रात्रीच भरून ठेवतो, पहाटेपर्यंत आपोआप गार होतं. पण मूळ प्रश्नाचं कोणी बोलतच नाही.

हिशेबनीस
थांबा, मग आकडा बदलला. रात्रभर गच्चीवर राहून पाणी १६ अंशांवर आलं असेल तर तेवढ्याच बर्फात ते अडीच अंशांपर्यंत उतरू शकतं. अडीच! बर्फ वाढवायचा विचारही करू नका. मला आधी वाटलं होतं त्यापेक्षा हे फार गार आहे.

रातराणी
मी भूलतज्ज्ञ आहे, मानसोपचारातली नाही. तरी तीन गोष्टींची उत्तरं आजच द्या. पिंपात उतरता तेव्हा शेजारी कोण असतं? आधी जोरजोरात श्वास घेण्याचा काही प्रकार करता का? कुठल्या गोळ्या चालू आहेत किंवा होत्या?

मातीलेप
मी उरुळीकांचनला दहा दिवस राहून आले आहे. १९४६ साली गांधीजींनी सुरू केलेला आश्रम. तिथे कटिस्नान देतात: टबात फक्त कंबर-पोट पाण्यात, पाय बाहेर, ओल्या फडक्याने पोट चोळत राहायचं. दुसऱ्या दिवसापासून मला गाढ झोप लागायला लागली. बर्फ नाही, गोळ्या नाहीत. गोळ्या फक्त दाबून ठेवतात, मुळावर जात नाहीत.

गच्चीकर
@रातराणी एकटाच असतो, घरातले झोपलेले असतात. व्हिडिओत दाखवतात तसा तीस वेळा जोरात श्वास घेतो, मग श्वास रोखून डोकंही आत घालतो. गोळी होती, घबराट-नैराश्यावरची, एस्सिटालोप्रॅम १०. बंद केली.

शेवंती
कधी बंद केली?

गच्चीकर
बर्फ सुरू केला त्याच दिवशी. आठ महिने घेत होतो. वजन सहा किलो वाढलं, दिवसभर सुस्ती. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना जांभया येतात. वाटलं, थंड पाण्याने होतंय तर गोळी कशाला? डॉक्टरांना सांगितलं नाही.

रातराणी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. आठ महिने चाललेली गोळी एका दिवसात बंद केली की पुढचे काही आठवडे चक्कर, चिडचिड, झोपमोड, डोक्यात झटके आल्यासारखं वाटणं, धडधड हे सगळं होऊ शकतं. शिवाय मूळचा आजारही हळूहळू डोकं वर काढतो. तुमचं यातलं नेमकं काय आहे हे तुमच्या डॉक्टरच तपासून सांगतील. बर्फ वाढवून ते जाणार नाही.

आता पाण्याबद्दल. गार पाण्यात शिरताच श्वास एकदम आत ओढला जातो आणि नाडी धावते. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे सगळ्यात जोरात असतं. त्याच वेळी चेहरा पाण्याखाली आणि श्वास रोखलेला असेल तर शरीर उलटा हुकूम देतं: नाडी मंद कर. एकच हृदय, दोन विरुद्ध हुकूम. पोर्ट्समथ विद्यापीठातले माइक टिप्टन यावर बरीच वर्षं काम करतात. या ओढाताणीत ठोके बिघडू शकतात. आणि जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड उतरवलात की श्वास घ्यायची हाक उशिरा येते, माणूस पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतो. जोरात श्वास आणि गार पाणी यांची ती विम हॉफ पद्धत, तिच्यातही हा श्वसनाचा भाग पाण्यात करू नका असं बजावलेलं असतं. तुम्ही पहाटे, एकटे, पिंपात. उद्यापासून हे नको. मनापासून सांगते.

मातीलेप
ॲलोपॅथीवाले घाबरवणारच. हजारो वर्षं लोक गार पाण्याने आंघोळ करत आलेत.

रातराणी
आंघोळीला माझा विरोध कुठे आहे? तुम्ही गेलात तिथे आधी वैद्यकीय तपासणी झाली असेल, टबाशी परिचारक असेल. यांच्या गच्चीवर कोणी नाही. आणि कोणाच्या चालू गोळ्यांबद्दल इथे लिहिताना जपून लिहा. वाचणारा खरंच बंद करतो.

आबा वाईकर
आजीबद्दल मी अर्धंच लिहिलं, ते पुरं करतो. ती तीन डुबक्या मारून लगेच बाहेर यायची. सोबत आळीतल्या पाच-सहा बायका असायच्या, घरी चुलीवर पाणी तापत असायचं. चार मिनिटं कोणी बसून राहत नव्हतं. अवांतर: डोक्यावरून कढत पाणी घेऊ नये, केस आणि डोळ्यांना ते वाईट, असं आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी लिहून ठेवलंय. कमरेखाली मात्र बळ देतं.

लिफीकाठ
डब्लिनहून लिहितोय. इथे सँडीकोव्हला फोर्टी फूट नावाची जागा आहे, लोक हिवाळ्यातही समुद्रात उतरतात. आई गेल्यावर सहा महिने मी रोज रात्री तीनला जागा व्हायचो. एका शेजाऱ्याने तिथे नेलं. पहिल्या दिवशी पायऱ्यांवर कठडा धरून उभा होतो, पाणी छातीला लागलं आणि आतून एक आवाज निघाला, माझाच. मग रडू आलं. आजूबाजूचे आजोबा शांतपणे पोहत होते, कोणी काही विचारलं नाही. त्यामुळे यात काही नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

पण तिथले नियमही सांगतो. एकट्याने उतरायचं नाही. डोकं वर. श्वास ताळ्यावर येईपर्यंत कठडा सोडायचा नाही. अंगठी काढून ठेवायची, थंडीने बोटं आखडतात आणि ती निसटते (माझी गेली). बाहेर आल्यावर लगेच कोरडे कपडे, लोकरीची टोपी, गरम चहा, कारण शरीर बाहेर आल्यावरही काही वेळ आतून गार होत राहतं. हुडहुडी भरते ती दहा-पंधरा मिनिटांनी, म्हणून लगेच गाडी चालवायची नाही.

गोळ्यांचं म्हणाल तर २०१८ साली ब्रिटनमधल्या एका २४ वर्षांच्या मुलीबद्दल वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. गार पाण्यात आठवड्याला पोहून तिच्या गोळ्या सुटल्या. पण आधी बरं वाटायला लागलं, मग गोळ्या कमी झाल्या, मग बंद. क्रम असा होता. आणि ती एकच रुग्ण.

हिशेबनीस
हलकं का वाटतं त्याचं: २००० साली चेक संशोधकांनी तरुणांना १४ अंश पाण्यात तासभर बसवलं, रक्तातलं नॉरअ‍ॅड्रेनालिन (शरीराला सावध करणारं रसायन) ५३० टक्क्यांनी वाढलं. धडधडही त्यानेच होते ना?

रातराणी
हो, तेच रसायन. म्हणून गार पाणी घेणाऱ्यांतल्या काहींना नंतर बरं वाटतं आणि काहींची घबराट वाढते.

शेवंती
गच्चीकर, दुकानात धडधड सुरू होते तेव्हासाठी एक सांगते. डीबीटी म्हणून उपचारपद्धत आहे, मार्शा लिनेहन यांची. माझ्या समुपदेशक ताईंनी त्यातलं शिकवलं होतं. परातीत गार पाणी घ्यायचं, ओणवं होऊन कपाळ, डोळे, गाल बुडवायचे, श्वास रोखून तीस सेकंद. बर्फ लागत नाही, माठातलं पाणीही चालतं. हे अंग कोरडं ठेवून, शांतपणे, जोराचे श्वास आधी न घेता. मी स्वयंपाकघरात ओट्यावर परात ठेवून करायचे. पहिल्या दहा सेकंदांत नाकाचा शेंडा दुखतो, मग मानेतलं काहीतरी सैल पडतं. तेवढ्यात फोन उचलण्याएवढी मी माणसात यायचे. आजार त्याने गेला नाही, तो गोळ्यांनी आणि बोलण्याने हळूहळू गेला.

रातराणी
हृदयाचा त्रास असेल, नाडी मुळातच मंद असेल किंवा ती मंद करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हेही विचारल्याशिवाय नको.

गच्चीकर
पाच दिवसांनी लिहितोय. तुम्ही सगळ्यांनी इतकं विचारलंत म्हणून बायकोला सांगितलं. गोळी बंद केल्याचं तिला माहीतच नव्हतं. ती काही बोलली नाही, गच्चीवर गेली आणि पिंप आडवा करून सगळं पाणी सोडून दिलं. मग दोघं डॉक्टरांकडे गेलो. वाटलं होतं रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "वजनाचं मला आधी का नाही सांगितलंत?" टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि ईसीजी करायला सांगितला, दोन्ही ठीक आले. गोळी बदलून दिली, रात्री घ्यायची. गार पाण्याचं विचारलं तर म्हणाल्या, महिनाभर थांबा, मग बर्फाशिवाय, दोन मिनिटं, डोकं वर, आणि सोबत माणूस. बायकोने स्वयंपाकघरातलं टायमरचं घड्याळ आत्ताच बाजूला काढून ठेवलंय.
धडधड काल आली होती. परात केली. शटर ओढावं लागलं नाही.

आबा वाईकर
वा. वहिनींना नमस्कार सांगा.

मातीलेप
बरं वाटलं वाचून. गोळ्यांबद्दलचं माझं वाक्य मागे घेते.

नवा_सदस्य_४१
धागा उशिरा वाचला. मीही नऊ दिवसांपूर्वी गोळी बंद केलीय, घरात कोणाला माहीत नाही. रात्री झोप नाही. तुम्ही डॉक्टरांना पहिलं वाक्य काय सांगितलंत?

गच्चीकर
"गोळी मी माझ्या मनाने बंद केली." एवढंच. पुढचं त्यांनीच विचारलं. तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय, जागे असाल तर आत्ता बघा. सकाळपर्यंत धीर धरवत नसेल तर १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारी आहे, चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलतात.