मदत हवी आहे: बळाचा वापर केल्यावर काय लिहायचं, हे नवीन पोरापोरींना कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

मी पोलीस खात्यात एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) आहे, सध्या एका ट्रेनिंग सेंटरला आंतरवर्गाचा निदेशक, म्हणजे वर्गात शिकवणारा, म्हणून पोस्टिंग आहे. पुढच्या गुरुवारी नवप्रविष्ट शिपायांच्या बॅचला २ तासांचं लेक्चर घ्यायचंय आणि टाइमटेबलवर विषय आलाय "बळाच्या वापराचे समर्थन व नोंद". इथे वकील, डॉक्टर, शिक्षक बरेच आहेत म्हणून विचारतोय, थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

आधी माझंच सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला जत्रेच्या बंदोबस्तात एक माणूस दारू पिऊन कोयता घेऊन गर्दीत शिरला, मी काठी मारली, कोयता पडला, त्याला पकडलं, मनगटाचं हाड मोडलं होतं त्याचं. रात्री स्टेशन डायरीला नोंद केली, "सदर इसमास ताब्यात घेत असताना झालेल्या झटापटीत त्यास किरकोळ दुखापत झाली." आमच्याकडे सगळे असंच लिहायचे, मीही लिहिलं. तीन वर्षांनी कोर्टात उलटतपासणीला उभा राहिलो तेव्हा वकिलांनी विचारलं, हाड मोडलं ते किरकोळ कसं, काठी कोणी मारली, किती फटके मारले, कोयता पडायच्या आधी मारलं की पडल्यावर? पहिला फटका मला आठवत होता. दुसरा मारला होता का, आणि मारला असेल तर तेव्हा त्याच्या हातात कोयता होता का, हे मला खरंच सांगता आलं नाही, आजही सांगता येत नाही. माझं काम बरोबर होतं की चुकलं होतं हे कळायचा एकच मार्ग होता, त्या रात्रीचा कागद, आणि त्यावर मी काहीच लिहिलं नव्हतं.

म्हणून मला त्या "समर्थन" शब्दाचीच अडचण वाटते. समर्थन म्हटलं की निकाल आधी लागलेला असतो, आता फक्त शब्द जुळवायचे. पोरांना हे शिकवलं तर ती चांगलं मराठी लिहून वाईट काम झाकायला शिकतील.

कायद्याचा भाग मला जमतो. अटकेला जबरदस्तीने विरोध केला तर लागेल ते बळ वापरता येतं पण फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा जीव घ्यायचा हक्क त्यातून मिळत नाही, हे पूर्वी सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ४६ ला होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ ला आहे. जमाव पांगवायचं १२९ आता १४८ झालंय. स्वसंरक्षण भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये, त्यात ३७ ला स्पष्ट आहे की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायचा अधिकार नाही. अटकेबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा डी. के. बसू निकाल मी दर बॅचला शिकवतो, अटक केलेल्याने मागणी केली तर त्याच्या अंगावरच्या लहानमोठ्या जखमा तिथेच नोंदवायच्या, त्यावर त्याची आणि आपली दोघांची सही, हा मुद्दा पोरं पटकन पकडतात कारण आधीची जखम आपल्या माथी येत नाही. सुप्रीम कोर्टाचाच २०१४ चा पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र हा निकाल पण घेतो, चकमकीत मृत्यू झाला तर एफआयआर, आणि तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करायचा. हे सगळं पाठ होतं, परीक्षेत लिहितात.

अडतं ते प्रत्यक्ष लिहिताना. मागच्या बॅचला ग्राउंडवर एक प्रसंग करून दाखवला, एक जण काठी घेऊन अंगावर येतो, दुसऱ्याने त्याला ताब्यात घ्यायचं, मग वर्गात येऊन सगळ्यांनी नोंद लिहायची. ४० पैकी ३१ जणांनी लिहिलं "किमान आवश्यक बळाचा वापर करण्यात आला". करण्यात आला! कोणी केला, कशाने, शरीरावर कुठे, किती वेळा, काहीच नाही. आपल्या खात्याच्या मराठीत करणारा माणूस वाक्यातून गायबच होतो. "किमान" होतं की नाही हे वाचणाऱ्याने ठरवायचं असतं, आपण त्याला ठरवता येईल एवढं द्यायचं, हे मी पोटतिडकीने सांगितलं पण उतरलं असं वाटत नाही.

एका मुलीने मात्र असं लिहिलं: "तो माझ्यापासून अंदाजे ५ फुटांवर होता. उजव्या हातात काठी वर धरलेली. मी दोनदा काठी टाक म्हणाले, त्याने टाकली नाही, एक पाऊल पुढे आला. मी त्याच्या उजव्या मांडीवर १ फटका मारला. काठी पडली. त्यानंतर मी मारले नाही." शेवटचं वाक्य वाचून मी थांबलोच. माझ्या त्या जत्रेच्या नोंदीत नेमकं हेच नव्हतं.

मग तिने विचारलं, सर, मला भीती वाटली होती, ते लिहू का? वर्गात पोरं हसली. मी त्यांना गप्प केलं पण तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. खात्यात भीती कोणी लिहीत नाही, वर्दीला कमीपणा येतो असं समजतात. पण स्वसंरक्षणाचा कायदाच धोक्याच्या वाजवी भीतीवर उभा आहे, मग ती लिहायची नाही तर काय लिहायचं? आणि उलटं, प्रत्येकाला "मला जिवाची भीती वाटली" हे वाक्य सापडलं की उद्या प्रत्येक नोंदीत तेच येईल, खरं असो नसो.

तर मला हवंय ते असं: तिला काय उत्तर देऊ? सरकारी डॉक्टर कोणी असतील तर आमच्या पत्रात काय असलं की तुम्हाला जखम आणि हकीकत जुळवायला सोपं जातं? आणि कॅमेऱ्याचं फुटेज असेल तर नोंद फुटेज बघून लिहायची की आधी आठवणीने?

भर (रविवार रात्र): सगळ्यांचे आभार. वकील ताईंचं पटलं, भीती लिहायचीच, पण तिच्या आधी डोळ्यांनी काय दिसलं ते लिहायचं, नुसती भीती कोर्टात टिकत नाही. मेडिकल ऑफिसर म्हणाले आमच्या पत्रात "तपासून उपचार करणे" एवढंच असतं, कशाने लागलं आणि किती वाजता हे कधीच नसतं, यापुढे ते पण वर्गात लिहून घेणार. फुटेजबद्दल मी आता असं ठरवलंय, आधी आठवणीने लिहायचं, वेळ टाकायची, मग फुटेज बघून वेगळं काही दिसलं तर पहिलं न खोडता खाली दुसरी नोंद करायची, कोणाला यात खोट दिसत असेल तर गुरुवारच्या आत सांगा.

टाइमटेबलवरचा "समर्थन" काढून "कारणे" करायची परवानगी मागितली आहे. आणि त्या मुलीला विचारून तिची नोंद नाव काढून फळ्यावर लावणार आहे. अजून ३-४ प्रसंग हवेत, महिला आरोपी, जमाव, आणि मनोरुग्ण माणूस असेल तर काय, यावर कोणी सुचवलं तर फार मदत होईल.