एमबीएला नीतीचा पेपर घ्यावा का?

प्रश्न: सहा वर्षं कोडिंग केलं, आता एमबीए. ऐच्छिकात ‘जागतिक व्यवस्थापन, नीती आणि तंत्रज्ञान’ आहे. फायनान्स सोडून हा घेऊ? की नुसत्या गप्पा?

उत्तर १: मी घेतला होता. पहिले तीन आठवडे फक्त फोक्सवॅगन! गाडी चाचणीवर आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी दाखवायचं. २०१५ साली बिंग फुटलं. जगभरात सुमारे १.१ कोटी गाड्या. गटात वकील, अभियंता, हिशेबनीस. वकीलबाईंनी विचारलं, “हा कोड लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं?” मी गप्प. वरून आलं म्हणून मीही काय काय लिहिलंय.

उत्तर २: शिकवणारे सगळे एकाच विभागाचे असतील तर नका घेऊ.

प्रश्नकर्ता: दोघं आहेत, एक कायद्याचे. फायनान्स पुढच्या सत्रात बघतो.