शब्दचर्चा: ‘तेलाच्या बदल्यात डॉक्टर’ याला मराठीत काय म्हणायचं?

चिंचबन
मंडळी, एका शब्दावर गाडी अडलीये. व्हेनेझुएला आणि क्यूबा या दोन डाव्या सरकारांच्या संबंधांवर लेख लिहितेय, व्हेनेझुएलाचे अध्यक्ष चावेझ आणि क्यूबाचे फिडेल कास्त्रो यांच्या काळातला. ३० ऑक्टोबर २००० ला काराकासमध्ये दोघांनी एका करारावर सह्या केल्या, त्याचं स्पॅनिश नाव ‘कोन्व्हेनियो इंतेग्राल दे कोऑपेरासिओन’, त्याचं ‘सर्वंकष सहकार्य करार’ करून मी मोकळी झाले. पण पुढे? व्हेनेझुएलाने रोज ५३ हजार बॅरलपर्यंत तेल द्यायचं आणि क्यूबाने डॉक्टर, शिक्षक, खेळाचे प्रशिक्षक, औषधं, लसी वगैरे पाठवायचं, या सगळ्या प्रकाराला मराठीत नेमकं काय म्हणावं? ‘वस्तुविनिमय’ लिहिलं तर डॉक्टरला वस्तू म्हटल्यासारखं होतं. ‘देवाणघेवाण’ लिहिलं तर इथून लेझीम पथक गेलं आणि तिकडून साल्सावाले आले असं वाटतं. सुचवा.

ढोबळमान
साटंलोटं. विषय संपला 😄

मोडीवाचक
ढोबळमान, गंमत म्हणून ठीक पण साट्यालोट्याचा मूळ अर्थ बघा. दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना म्हणून करायच्या, याची बहीण त्याला आणि त्याची बहीण याला, म्हणजे हुंडा-देज कोणीच कोणाला द्यायचं नाही, हिशेब बरोबरीत सुटला. त्या जुन्या अर्थाने शब्द अगदीच काही वाईट नाही कारण दोघांच्याही हातात रोकड नाही हीच तर मुळातली अडचण होती. पण आज साटंलोटं म्हटलं की टेंडर आणि ठेकेदार डोळ्यापुढे येतात, त्यामुळे लेखात तो शब्द घातला की लेखिकेने निकाल देऊन टाकला असं होणार.

माझा पर्याय ‘ऐनजिनसी’. जुन्या दफ्तरात सारा रोख न घेता धान्याच्या रूपात घेतला की ऐनजिनसी वसूल म्हणायचे. पैशाची किंमत ठरलेली, फक्त चुकता करायचा तो जिनसात.

बाभूळकाटा
मला वेगळाच शब्द सुचतो आणि तो कोणाला आवडणार नाही. तैनाती फौज. क्यूबाचे नुसते डॉक्टर नव्हते गेले, लष्कर आणि गुप्तहेर खात्यात सल्लागार पण होते, आणि व्हेनेझुएलाचे विरोधी पक्षवाले तर देशाला ‘कुबासुएला’ म्हणून चिडवायचे. दुसऱ्याची माणसं आपल्या घरात आणून बसवायची आणि त्यांचा खर्च आपण द्यायचा, हे वसईच्या तहात नाही का झालं.

मोडीवाचक
नाही झालं तसं. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा, दुसऱ्या बाजीरावाने पुण्याबाहेर पडून, होळकराच्या धास्तीने केलेला. फौजेच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख लिहून दिला आणि परराष्ट्र धोरणसुद्धा इंग्रजांच्या हवाली केलं. तिथे फौज पाठवणारा बलाढ्य आणि ठेवून घेणारा दुबळा. इथे माणसं पाठवणारा क्यूबा हा लहान, कर्जबाजारी, सोव्हिएत संघ कोसळल्यावर वीज आणि पेट्रोल दोन्हीची बोंब असलेला देश, आणि ठेवून घेणारा तेलावर तरंगणारा. सल्लागारांबद्दल टीका जरूर करा पण तैनाती फौज हा शब्द उलटा बसतो. मांडलिक पण नको, कोण कोणाचा मांडलिक यावर तिकडच्या लोकांचंच एकमत नाही.

रानमोगरा
आमच्याकडे सावड म्हणतात. तुझी बैलजोडी आज माझ्या शेतात, माझी उद्या तुझ्याकडे, आणि बायका पण एकमेकींच्या शेतावर लावणीला, खुरपणीला जातात, मजुरी द्यायची नाही फक्त फिरून जायचं. ‘तेल दिलं, डॉक्टर आले’ हे मला सावडीसारखं वाटतं. इर्जिकसुद्धा आहे पण त्यात एकाच्या शेतावर सगळा गाव जातो आणि तो जेवण घालतो, इथे दोघंच आहेत म्हणून सावड.

चिंचबन
रानमोगरा, सावड फार गोड शब्द आहे आणि चावेझच्या भाषणांतला सूर बघितला तर त्यांना तोच आवडला असता, एकजूट, बंधुभाव, दक्षिण अमेरिकेचा स्वातंत्र्यवीर बोलिव्हार याचं स्वप्न वगैरे. अडचण एकच, सावडीत व्याज नसतं!

कराराचा तपशील टाकते म्हणजे सगळ्यांना कळेल मी का अडलेय. तेल फुकट नव्हतं, भाव जागतिक बाजाराचा. पण पैसे दोन भागात, बराचसा भाग ९० दिवसांत आणि उरलेला १५ वर्षांच्या मुदतीने, वर पहिली २ वर्षं सवलतीची, व्याज २ टक्के. आणि मेख अशी की तेलाचा भाव जितका वर जाईल तितका उधारीचा हिस्सा मोठा. दुसऱ्या बाजूला क्यूबाच्या ज्या सेवा आणि माल येणार त्यांची किंमत लावून ती तेलाच्या रूपात फेडायची. आणि डॉक्टर? २००० च्या मूळ करारात डॉक्टर चक्क मोफत आहेत! पगार क्यूबाने द्यायचा, व्हेनेझुएलाने फक्त राहणं-खाणं आणि देशातला प्रवास बघायचा. म्हणजे ज्या वाक्यामुळे हा करार ओळखला जातो, ‘तेलाच्या बदल्यात डॉक्टर’, ते मूळ कागदाला धरून तरी तसंच्या तसं खरं नाही.

ढोबळमान
आयला. मग सगळे बदल्यात बदल्यात का म्हणतात?

चिंचबन
कारण नंतर बदललं. २००३ मध्ये ‘मिसिओन बारिओ आदेंत्रो’ सुरू झाली, काराकासच्या डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांमध्ये क्यूबाचे डॉक्टर जाऊन राहायला लागले, विटांचे अष्टकोनी दवाखाने बांधले गेले, खाली तपासणी आणि वर डॉक्टरची राहायची खोली. पुढे वीस-तीस हजार माणसं तिकडे होती आणि तेलही रोजचं ९० हजार बॅरलच्या वर गेलं. तेवढी माणसं कोण मोफत पाठवेल? मग क्यूबाच्या हिशेबात ती ‘सेवांची निर्यात’ झाली, आणि दशक संपेपर्यंत ही निर्यात साखर, निकेल आणि पर्यटन तिघांनाही मागे टाकून परकीय चलनाचा सगळ्यात मोठा झरा झाली. डॉक्टर तेच, काम तेच, २००० साली ‘मदत’ आणि पाच-सहा वर्षांनी ‘निर्यात’. म्हणून मला वाटायला लागलंय की एकच शब्द शोधणं हाच मुळात घोळ आहे, साल बघून शब्द बदलायला हवा.

खतावणीबाई
मी शब्दवाली नाही, आयुष्यभर हिशेब लिहिले, म्हणून दबकत लिहिते. यासाठी नाम कशाला पाहिजे, आपल्याकडे क्रियापद आहे की. वळते करून घेणे. भाडेकरूने नळ दुरुस्त केला तर ते पैसे भाड्यातून वळते करून घेतो ना आपण. दोघांची येणी-देणी मांडायची, एकमेकांत वळती करायची आणि जे उरेल ते नावे टाकायचं. रोकड हलतच नाही. वहीत याला जमाखर्ची व्यवहार म्हणायचे. तुमच्या करारात तेलाची किंमत आहे, सेवांची किंमत आहे, व्याज आहे, मुदत आहे, म्हणजे हा सरळ जमाखर्ची व्यवहार झाला. सावड नाही आणि विनिमय पण नाही.

मोडीवाचक
बाई, दबकत कशाला, हे ऐनजिनसीपेक्षा सरस आहे. ऐनजिनसीत एकच बाजू जिनसात देते, वळते करण्यात दोन्ही बाजू येतात.

क्यूबाला हा प्रकार नवीनही नव्हता. फेब्रुवारी १९६० मध्ये सोव्हिएत उपपंतप्रधान मिकोयान हवानाला आले तेव्हाचा करार बघा, वर्षाला १० लाख टन साखर पाच वर्षं घेणार, १० कोटी डॉलर कर्ज अडीच टक्क्यांनी, आणि साखरेचे पैसे थोडे डॉलरमध्ये, बाकीचे मालात. मग सोव्हिएत तेल आलं, ते शुद्ध करायला तिथल्या परदेशी कंपन्यांनी नकार दिला, कास्त्रोने रिफायनऱ्या ताब्यात घेतल्या, अमेरिकेने साखरेचा कोटा कापला, एकात एक अडकत गेलं. आपला रशियाबरोबरचा रुपयातला व्यापार आठवतो ना, जुन्या लोकांना तरी, तोही वळते करण्याचाच प्रकार होता.

बाभूळकाटा
वळते करून घेणे म्हटलं की दोघं बरोबरीचे व्यापारी वाटतात. तेलाचा भाव वर गेला की उधारी वाढते म्हणजे क्यूबाचा फायदाच फायदा. त्यातलं काही तेल आणि पेट्रोल क्यूबाने बाहेर विकल्याचं पण छापून आलंय. मी तरी ‘खिरापत’ म्हणेन.

चिंचबन
बाभूळकाटा, खिरापतीचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. सोव्हिएत तेलसुद्धा क्यूबा १९८० च्या दशकात बाहेर विकून डॉलर करायचाच. पण उलट बाजूचं एक कलम सांगते जे मला फार आवडलंय. १४ डिसेंबर २००४ ला हवानामध्ये आल्बाची स्थापना झाली, त्याच वेळी दोघांचा पुढचा करार झाला, त्यात क्यूबाने लिहून दिलंय की बाजारात भाव कितीही पडला तरी आम्ही बॅरलला २७ डॉलरच्या खाली देणार नाही. याला मराठीत शब्द शोधावाच लागत नाही.

रानमोगरा
हमीभाव!!

चिंचबन
बरोब्बर. क्यूबाने व्हेनेझुएलाला तेलाचा हमीभाव दिला. पुढे तेल शंभरीपार गेलं आणि त्या कलमाला हात लावायची वेळ बराच काळ आलीच नाही, ती गोष्ट वेगळी. पण लेखात मी हेच वाक्य ठेवणार, आपल्या वाचकाला एका झटक्यात कळतं.

ढोबळमान
आल्बा म्हणजे काय ते पण सांगा की

चिंचबन
स्पॅनिशमध्ये पहाट. संघटनेच्या नावाची आद्याक्षरं, पण मुद्दाम जुळवलेली. अमेरिका ‘आल्का’ नावाचा खुल्या व्यापाराचा करार पुढे रेटत होती, त्याला उत्तर म्हणून आल्बा. आधी दोनच देश होते, २००६ ला बोलिव्हिया आला आणि मग निकाराग्वा. पहिल्या नावात ‘पर्याय’ होता, २००९ मध्ये तिथे ‘आघाडी’ झाली, स्पॅनिशमध्ये दोन्ही शब्द अ ने सुरू होतात म्हणून आद्याक्षरं तीच राहिली. आघाडी मराठीत पण डाव्यांचा लाडका शब्द आहे, त्यामुळे तिथे मला काहीच करावं लागलं नाही 😀

मोडीवाचक
डाव्यांवरून आठवलं, मराठीत ‘डावा’ बिचारा शब्दातच हरलेला आहे. दोघांत सरस तो उजवा, ज्याला टाळलं तो डावलला. स्पॅनिशमध्ये पण लॅटिनमधून आलेल्या ‘सिनिएस्त्रा’ला अशुभाचा वास लागला म्हणून लोकांनी बास्क भाषेतून ‘इस्कियेर्दा’ उचलला. अवांतर झालं, चालू द्या.

बाभूळकाटा
अवांतर चालतंय तर माझाही प्रश्न. क्यूबावरच्या अमेरिकन बंदीला चिंचबनताई काय लिहिणार? कारण इथेच कळेल लेख कुठल्या बाजूचा आहे ते.

चिंचबन
प्रश्न कळीचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९२ पासून या बंदीविरुद्ध ठराव येत आलाय. एकच ठराव, पण इंग्रजी मजकुरात ‘एम्बार्गो’ आणि स्पॅनिश मजकुरात ‘ब्लोकेओ’. एम्बार्गो म्हणजे मी तुझ्याशी व्यापार करणार नाही. ब्लोकेओ म्हणजे मी तुला कोणाशीच करू देणार नाही. क्यूबा कायम दुसरा शब्द वापरतो. गंमत म्हणजे ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगी, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी खरोखरची जहाजं लावून समुद्र अडवला तेव्हा मात्र ‘ब्लॉकेड’ म्हणायचं टाळलं, कारण ते युद्धाचं पाऊल ठरतं, म्हणून म्हणाले ‘क्वारंटाइन’. आता याचं मराठी विलगीकरण करू का?

खतावणीबाई
😂 चौदा दिवस घरात बसा म्हणावं कास्त्रोला

मोडीवाचक
नाकेबंदी म्हणजे रस्त्यावर माणसं उभी करून अडवणं, ती १९६२ च्या त्या आठवड्यांना लागू. फेब्रुवारी १९६२ पासूनच्या एकूण प्रकाराला ‘व्यापारबंदी’ पुरेसं. पण २०१९ चं काय? जानेवारीत अमेरिकेने पेदेवेसा या व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीवर निर्बंध घातले आणि एप्रिलपासून क्यूबाला तेल नेणाऱ्या जहाजांची आणि जहाज कंपन्यांची नावं यादीत टाकायला सुरुवात केली. तिसऱ्याच्या जहाजालाही धाक, म्हणजे नुसती व्यापारबंदी राहिली नाही. तिथे मी ‘कोंडी’ लिहीन. कोंडी करायला नाक्यावर शिपाई लागत नाही.

चिंचबन
कोंडी घेतला. आर्थिक कोंडी. आणि मोडीवाचक काका, तुमचा धागा पकडून सांगते, तोपर्यंत तेलच आटत चाललं होतं. व्हेनेझुएलाचं स्वतःचं उत्पादन ढासळलेलं. सिएनफुएगोसची रिफायनरी हे त्याचं चांगलं उदाहरण, सोव्हिएत काळात बांधलेली, मग बंद पडलेली, २००७ च्या डिसेंबरात दोघांनी भागीदारीत पुन्हा सुरू केली, क्यूबाचे ५१ टक्के आणि पेदेवेसाचे ४९, आणि २०१७ मध्ये ती पूर्ण क्यूबाकडे गेली. याला मी भागीदारी ‘मोडली’ म्हणू की ‘सोडवली’?

खतावणीबाई
मोडली म्हटलं की भांडण झालं असं वाटतं. भागीदारी ‘विसर्जित केली’ कागदावर, बोलताना ‘वेगळे झाले’. तुमच्याकडे भांडणाचा पुरावा नसेल तर ‘पेदेवेसा बाहेर पडली’ एवढंच लिहा.

बाभूळकाटा
शेवटचं विचारतो. डॉक्टरांच्या पैशाला काय म्हणणार? व्हेनेझुएला जे देत होतं ते बहुतांश क्यूबाच्या सरकारकडे, डॉक्टरच्या हातात त्यातला लहानसा वाटा. २००६ ते जानेवारी २०१७ अमेरिकेने अशा डॉक्टरांना थेट प्रवेश द्यायची खास योजनाच चालवली, हजारो गेले. याला पगार म्हणता येईल?

चिंचबन
नाही म्हणता येणार. मानधनही नाही, ते मानाने देतात. स्पॅनिशमध्ये ‘एस्तिपेंदिओ’ म्हणतात, मी ‘भत्ता’ लिहिलाय, कारण मूळ पगार क्यूबात चालू आणि परदेशातला हा वरचा. आणि सरकारकडे जातो त्याला ‘सेवामोल’ लिहिणार होते, बरं दिसत नाहीये.

रानमोगरा
सेवामोल नको, सरकारी योजनेचं नाव वाटतं. सरळ ‘डॉक्टरांपोटी क्यूबाला मिळणारी रक्कम’ लिहा. ‘पोटी’ मध्ये सगळं येतं. आणि जे डॉक्टर निघून गेले त्यांना ‘पळाले’ लिहू नका आणि ‘मुक्त झाले’ पण नको, ‘परतले नाहीत’ पुरे.

चिंचबन
‘पोटी’ घेतेय, थँक्यू. तर मसुदा असा: २००० चा करार ‘सवलतीच्या उधारीवर तेल’, २००४ नंतर ‘तेलाची किंमत सेवांमधून वळती’, हमीभाव जसाच्या तसा, १९६२ ची व्यापारबंदी, २०१९ ची कोंडी. सावड एकाच ठिकाणी ठेवलाय, जिथे चावेझ काय म्हणत होते ते सांगितलंय तिथे, माझ्या तोंडी नाही.

ढोबळमान
ते सगळं झालं पण चावेझ की चावेस?

मोडीवाचक
स्पेनमध्ये ‘थ’सारखा, लॅटिन अमेरिकेत ‘स’. तिकडचे लोक चावेस म्हणतात. मराठीत चावेझ रुळलाय, राहू द्या. व्हेनेझुएला बदलून व्हेनेसुएला कराल तर मुद्रितशोधक परत झ करून टाकेल.