आजीबद्दल दोन पानं लिहायचीत, पण ती म्हणते "म्या काय केलंय?"

पिंपळपान
आमची आजी औसा तालुक्यातली. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९४२, म्हणजे अंदाजपंचे. गावातल्या महिला मंडळाला १५ ऑगस्टला तिचा सत्कार करायचाय आणि दोन पानं लिहून वाचायचं काम माझ्या गळ्यात आलंय. आजी जन्मभर शेतात राबली, गावातली बाळंतपणं केली, भूकंपानंतर घरोघरी फिरली, बचत गट चालवला. मला एवढंच माहीत आहे. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून समोर बसले की म्हणते, "म्या काय केलंय बाई? शेणामातीत जलम गेला." मग मीच 'कष्टाळू, मायाळू, सोशिक' असं लिहून ठेवलं. परत वाचलं तर कुणाचीही आजी वाटते. तिला बोलतं कसं करू?

बांधावरची
ताई, ते तीन शब्द आधी खोडा. माझ्या आईच्या मानपत्रातही 'सोशिक' होता. मंडपात तो वाचला गेला आणि मागच्या बायका फिसकन हसल्या. हातभट्टीवाल्याच्या दारात बसून आईनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

समोरासमोर बसवू नका. हातात काम असू द्या, लसूण सोलणं, तूर पाखडणं, काहीही. आणि 'काय केलंस' न विचारता 'ते कसं करायचीस' असं विचारा. मी आईला सहज म्हटलं, बी कसं राखायचीस? अर्धा तास बोलली. ज्वारीची कणसं खळ्यावर जायच्या आधी तीच निवडायची. दाणे उन्हात तापवायचे, राख चोळायची, मडक्यात कडुनिंबाचा पाला घालायचा आणि तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं. बोलता बोलता निघालं की ७२ च्या दुष्काळात घरात खायला दाणा नव्हता, सासऱ्यांनी ते मडकं फोडायला काढलं आणि ही आडवी बसली. फोडू दिलं नाही. पुढच्या पेरणीला चार घरांनी त्यातलं बी नेलं. हे तिनं ५० वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं, कारण तिच्या लेखी ते 'काम' नव्हतंच.

साल विचारलंत की म्हाताऱ्या माणसाचं तोंड बंद होतं. त्याऐवजी असं विचारा: निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी तुझ्या पाठीवरचा भाऊ झाला होता का? दुष्काळात खडी फोडायला गेलीस तेव्हा झोळीत कोण होतं? पोरांच्या जन्मावरून वर्षं आपोआप जुळतात, १९४८ आणि १९७२ हे दोन खुंटे पक्के आहेत. नाहीतर दुष्काळात खाल्लेली 'सुकडी' आणि 'मिलो' (बाहेरून आलेली लाल ज्वारी) यांचं नुसतं नाव काढून बघा. मिलोचं नाव काढलं की आमची आई अजून तोंड वाकडं करायची, लाल भाकरी, थापायला गेलं की तुटायची.

३० सप्टेंबर १९९३ चं शेवटी विचारा आणि तेव्हा रेकॉर्डिंग बंद ठेवा. आदल्या दिवशीच गणपती बुडवले होते, पहाटे ३:५६ ला सगळं हललं. त्या पहाटेबद्दल आई कधीच बोलली नाही. नंतरचं मात्र भरभरून सांगायची. किल्लारीकडची गावं नव्या जागी उठवून बसवली. आमच्यासारख्या गावांत उभी राहिलेली घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती आणि त्या कामात महिला मंडळाच्या बायकांना 'संवाद सहायक' नेमलं होतं. तुमची आजी घरोघरी फिरली म्हणजे बहुधा यातच असणार, नक्की विचारा. माळवदावरची, म्हणजे सपाट धाब्याच्या छपरावरची, माती कमी करा म्हटलं की लोक भांडायला उठायचे. उन्हाळ्यात गारवा त्या मातीचाच. पण हलताना जीव घेतला तोही तिच्याच वजनानं. दगडी भिंतीचे आतले-बाहेरचे थर एकमेकांत बांधायला आरपार दगड घालावा लागतो, हे माझी सही न येणारी आई गवंड्याला सांगायची. गवंड्यानं काय ऐकून घेतलं असेल देव जाणे.

वेळ असता तर येळवसेपर्यंत, म्हणजे हिवाळ्यातल्या वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणापर्यंत, थांबा म्हटलं असतं. आंबिलीचा बिंदगा शेतात उतरला की बायका जे बोलतात ते घरात कधीच बोलत नाहीत.

जुनं दप्तर
कागदही बघा. सातबाऱ्यावर बहुतेक बायकांचं नाव नवरा वारल्यावर वारस म्हणूनच चढतं, फेरफारात तारीख सापडेल. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचं काम केलं, तेव्हा काही शेतकऱ्यांनी हयातीतच बायकोच्या नावे जमीन केली. तुमच्या आजोबांनी केली असेल तर ते वाचून दाखवाच, समोर बसलेल्या पुरुषांनाही ऐकू जाईल. बचत गटाची पहिली वही कुणाच्या तरी ट्रंकेत असते. तिच्यात कर्ज कशाला घेतलं ते लिहिलेलं असतं, गावाचा निम्मा इतिहास तिथेच मिळेल.

खुरपं
'निःस्वार्थ सेवा' मात्र लिहू नका. रात्री दोनला कंदील घेऊन बाळंतपणाला जायचं आणि सकाळी सातला खुरपायला हजर. आजोबांनी एवढं केलं असतं तर चौकात फ्लेक्स लागला असता. बदल्यात काय मिळालं तेही विचारा. आमच्या आजीला मुलगा झाला तर लुगडं आणि नारळ मिळायचा, मुलगी झाली तर नुसता नारळ.

बांधावरची
आणि तोही कधी कधी सडका. @खुरपं, हे पटलं.

पिंपळपान
सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी शेंगा फोडायला बसलो. विचारलं, बाळंतपणं किती केलीस? म्हणाली, असलं मोजू नये. मग बांधावरच्या ताईंची युक्ती आठवली. म्हटलं, नाळ कशानं कापायचीस? "सरकारनं शिकवल्यावर पातं मिळालं. त्याआधी विळ्यानं. तुझ्या बापाची विळ्यानंच कापली." पप्पांच्या वेळी सुईण कोण होती? "कोण असनार? पाऊस होता, वढा भरला हुता. माझी मीच."

पप्पा पलीकडं पेपर वाचत होते. त्यांची साठी उलटली, त्यांनाही हे माहीत नव्हतं. त्यांनी पेपर खाली ठेवला. पुढे काय झालं, घाबरली नाहीस का, असं मी विचारायला लागले तर आजीनं माझ्या हातावर चापट मारली. "दाणं खाऊ नगंस. बियाचं हायेत."