अंदमानला दुसऱ्यांदा जायचंय, फक्त हॅवलॉक आणि नील. फेब्रुवारीतले सात मुक्काम कसे बसवू?

रावेर_केळीबाग
राम राम मंडळी. मागच्या खेपेला पॅकेजमध्ये गेलो होतो. त्यात पोर्ट ब्लेअरलाच तीन मुक्काम गेले आणि हॅवलॉक-नीलला एकेक रात्र मिळाली. या वेळी दोघंच जाणार, कापसाची वेचणी आटोपल्यावर, म्हणजे फेब्रुवारीत. सात मुक्काम हातात आहेत. सेल्युलर जेल आणि रॉस बेट पाहून झालंय.
१. हॅवलॉकला किती रात्री आणि नीलला किती?
२. जळगाव-भुसावळकडून स्वस्तात कसं जावं?
३. सौभाग्यवतींना स्कुबा (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं) करायचंय, पोहता येत नाही. चालेल का?
४. हॉटेल बीचवरच घ्यावं का?

उधाण_भांग
महिना अगदी बरोबर निवडलाय. मे-अखेरपासून सप्टेंबरपर्यंत नैऋत्य पाऊस, ऑक्टोबर-डिसेंबर परतीचा पाऊस आणि वादळं. जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो, पाणीही नितळ.

पण नुसता महिना बघून तिकीट काढू नका भो, भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, त्या वेळी पाणी थोडंच चढतं-उतरतं. या दोन्हींचा जोर तिथीच्या एक-दोन दिवस नंतर दिसतो. स्कुबाला आणि स्नॉर्केलिंगला भांग बरी, ओढ कमी असते. नीलच्या नॅचरल ब्रिजला (खडकाची नैसर्गिक कमान) मात्र खोल ओहोटीच हवी. भरतीत त्या कमानीपर्यंत चालत जाता येत नाही, लांबून फोटो काढून परतावं लागतं.

म्हणून माझी मांडणी अशी: वद्य दशमीला पोचा. दशमी ते त्रयोदशी हॅवलॉकला चार रात्री, चतुर्दशी-अमावास्या नीलला दोन रात्री, प्रतिपदेची रात्र पोर्ट ब्लेअरला आणि द्वितीयेला सकाळचं विमान. दशमी-एकादशीला स्कुबा उरकून घ्या. या दिवसांत चंद्र मध्यरात्रीनंतरच उगवतो, त्यामुळे संध्याकाळी पाण्यातली चमक (वल्हं मारलं की निळसर ठिणग्या उडतात ती) बघायला काळोखही मिळतो. पौर्णिमेला रात्रीच्या होडीचे तेच पैसे भरून काही दिसत नाही.

ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. नीलला उतरलात की त्या दिवशीची उजेडातली ओहोटी किती वाजता, हे हॉटेलवाल्याला विचारा आणि पाणी पूर्ण उतरायच्या तासभर आधी निघा. वाट मेलेल्या प्रवाळाच्या खडकांवरून आहे. साध्या चपला घसरतात, मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घाला.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला फुकट जाते असं वाटेल, पण ती कापू नका. खराब हवेत बोटीच्या फेऱ्या रद्द होतात, आणि सकाळची बोट पकडून दुपारचं विमान गाठायचं म्हणजे दोन्ही तिकिटांचा जुगार. जातानाही तेच: विमान १० च्या आत उतरत असेल तरच त्याच दिवशी हॅवलॉकची बोट घ्या.

भुसावळ_जंक्शन
प्रवासाचं मी सांगतो. चेन्नईसाठी नवजीवन एक्सप्रेस अमळनेर-जळगाव-भुसावळ अशीच जाते, गाडी बदलायची भानगड नाही. कोलकात्यासाठी भुसावळहून गीतांजली किंवा आझाद हिंद, हावड्यापर्यंत. दोन्ही शहरांतून विमानाला दोन-सव्वादोन तास लागतात. मी चेन्नईच निवडेन: सेंट्रल स्टेशनवरून मेट्रो थेट विमानतळाला जाते, हावड्याहून गर्दीतून टॅक्सी काढणं त्रासाचं.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तर क्रम असा: आधी विमान, मग बोट, ६० व्या दिवशी सकाळी रेल्वे. गाडी आणि विमान एकाच दिवशी जोडू नका, मध्ये चेन्नईत एक रात्र ठेवा. गाडी चार तास उशिरा आली तरी मग डोकं शांत राहतं.

नावांचा घोळ लक्षात ठेवा. २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. २०२४ पासून पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम. बुकिंगच्या ठिकाणी कुठे जुनं नाव दिसेल, कुठे नवं. विमानतळाचा कोड आयएक्सझेड, तो तसाच आहे.

सामान: कळण्याचं पीठ, शेव, ठेचा खुशाल न्या. लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत धरू नका, काढून घेतील. ती मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. आणि खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरतात. मसाला भाजून-कुटूनच न्या. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत.

निळं_पाणी
ताईंच्या स्कुबाबद्दल. पहिल्यांदा करणाऱ्याला पोहता यायची गरज नाही, प्रशिक्षक पूर्ण वेळ हात धरून असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. घोळ होतो तो तीन गोष्टींत.

कान: दुखायला लागल्यावर नाक दाबून फुंकणं म्हणजे उशीर झाला. पाण्यात शिरल्यापासूनच दर हातभर खोलीला हळू फुंकायचं. तरी दुखलं तर खूण करून थोडं वर यायचं, जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी रद्द करा. म्हणून स्कुबा पहिल्या दोन दिवसांत ठेवायचं, पुढे ढकलायला जागा राहते.

श्वास: रोखून वर येऊ नये, हा एकच नियम पाठ करा. फुप्फुसातली हवा वर येताना फुगते.

मास्क: यात गंमत म्हणजे ताईंपेक्षा तुम्हालाच अडचण येईल. मिशी असेल तर मास्कची कड नीट चिकटत नाही आणि पाणी थेंबथेंब नाकाशी साचतं. नाकाखालची बोटभर जागा मोकळी केली तरी पुरतं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का, हे बुकिंगलाच विचारा.

दमा, रक्तदाब, फिट्स असं काही असेल तर फॉर्मवर लपवू नका, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा. शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमान नाही, २४ सोडले तर उत्तम. वरच्या मांडणीत ते आपोआप जमतंय.

हॅवलॉकच्या एलिफंट बीचला रंगीत प्रवाळांची फार आशा ठेवू नका. २०१० च्या उष्णतेत तिथले बरेच प्रवाळ पांढरे पडून मेले. मासे भरपूर आहेत. आणि किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा खिशात टाकू नका, मेलेला असला तरी तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सापडतो.

तापीकाठ_चोपडा
दुसऱ्यांदा जाताय तर उत्तर अंदमानातलं दिगलीपूर करा की! रॉस-स्मिथची दोन बेटं (हे रॉस वेगळं), मध्ये वाळूचा पट्टा, आणि फेब्रुवारीपर्यंत कासवं अंडी घालायला येतात.

उधाण_भांग
जागा सुंदर आहे, पण रस्त्याने पोर्ट ब्लेअरपासून ३०० किलोमीटरच्या वर. जायला एक दिवस, यायला एक. सातातले दोन गाडीत गेले तर मागच्या पॅकेजमध्ये आणि यात फरक काय?

रावेर_केळीबाग
पटलं, दिगलीपूर नको. हॉटेलचं राहिलं.

निळं_पाणी
बीचवर घ्या, पण कोणत्या बीचवर ते कळून. हॅवलॉकला बहुतेक हॉटेलं गोविंदनगर (३ नंबरचा बीच) आणि विजयनगरला (५ नंबर), म्हणजे पूर्व किनाऱ्याला. सूर्योदय खोलीसमोर मिळतो, पण ओहोटीत पाणी लांब मागे जातं आणि खडक उघडे पडतात. पोहण्यासाठी राधानगर (७ नंबर), बेटाच्या दुसऱ्या बाजूला. तिथे जीवरक्षक जिथे सांगतील तिथेच उतरा. कडेच्या खाजणात मगरीचा धोका आहे, २०१० मध्ये तिथे हल्लाही झालाय.

घड्याळ आपलंच, पण सूर्य जळगावपेक्षा साधारण तासभर आधी मावळतो, फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास. राधानगरला स्कूटरवर चारलाच निघा, नाहीतर अंधारात पोचाल. स्कूटरसाठी मूळ लायसन्स लागतं, बोटीला फोटो असलेलं ओळखपत्र.

हॉटेलला फोन कराल तेव्हा 'बीच किती जवळ' विचारू नका, सगळे 'समोरच' म्हणतात. विचारा: ओहोटीत समोर पोहता येतं का, आणि संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात का. त्यांच्यासाठी पायाला खोबरेल चोळायचं, माशी चिकटते आणि चावा बसत नाही.

रावेर_केळीबाग
म्हणजे खोबरं घरी आणि खोबरेल बॅगेत. कॅलेंडर काढून दशमी बघतोय.

भुसावळ_जंक्शन
खोबरेल १०० मिलीच्या वर असेल तर मोठ्या बॅगेत, भाऊ.